शनिवारचं आकाश

“आजोबा, थांबा, आजचा खेळ जरा वेगळा आहे,” दाराशी उभी असलेली वैभवी म्हणाली.

“वेगळा तं वेगळा. आकाश तं तेच राहीन ना?” असं म्हणत गिरिधरभाऊ तिच्या बाजूने आत शिरलेही. आधीच उशीर झाला होता. सक्करदऱ्याच्या चौकात त्यांच्या लेकीची, हर्षाची स्कूटी गर्दीत अडकून पडली होती.

वैभवी नववीत होती. शाळेचं हे तारांगण पोरंच चालवत. जुन्या व्यायामशाळेत त्यांनी घुमट उभारला होता. घुमटावर तारे दाखवायचं यंत्र अंकित सांभाळायचा, बोलायचं काम वैभवीचं. शनिवारी संध्याकाळी वस्तीतल्या कुणीही यावं आणि तारे पाहावेत. शहरातल्या दिव्यांपुढे खऱ्या आकाशात आता उरलंय काय पाहायला!

गिरिधरभाऊ मात्र तारे पाहायला येत नव्हते. ते डोळा तपासायला येत होते.

सारी उमर त्यांनी भिवापूरची रात्रीची एसटी चालवली. आता काचबिंदूने एक डोळा नेला होता आणि दुसरा पोखरत आणला होता. दर महिन्याला घुमटातले तारे थोडे थोडे कमी होत होते. मागच्या खेपेला सप्तर्षी दिसले होते आणि वसिष्ठाला बिलगलेली ती इवलीशी अरुंधतीही, पुसट का होईना. लग्नात भटजींनी बोट दाखवलं की नवरा-नवरी नुसती मान हलवतात. गिरिधरभाऊंनी तेव्हा ती खरोखर पाहिली होती, आणि त्याचा त्यांना फार तोरा होता.

डॉक्टरांनी सोमवारचं ऑपरेशन ठरवलं होतं. “गेलेली नजर येणार नाही, पण उरलेली राहील,” ते म्हणाले होते. “आता टाळलं तर पुढे करून उपयोग नाही.” दवाखान्याला आज संध्याकाळपर्यंत होकार हवा होता. मागे रांग मोठी होती.

“अरुंधती दिसली तं ऑपरेशन,” गिरिधरभाऊंनी लेकीला बजावलं होतं. “नाही दिसली तं नाही. काही उरलंच नसन, तं वाचवाचं काय?”

“तारे पाहून कोणी ऑपरेशन ठरवते का बाबा?” हर्षा चिडली होती. पण एकदा रस्ता धरल्यावर एसटीचा ड्रायव्हर पॅसेंजरला विचारत नसतो. ती त्यांना फाटकाशी सोडून भाजी घ्यायला गेली.

आत दिवे मंद होते. गिरिधरभाऊंना असल्या उजेडात माणसांच्या नुसत्या सावल्या दिसत. समोरच्या रांगांत लहान पोरं चुळबुळत होती. कुणीतरी त्यांच्या हातात एक जाड, खरखरीत कागद दिला. शाळेची जाहिरात असेल, म्हणून त्यांनी तो घडी करून खिशात घातला. मग दिवे गेले.

“पहिले सप्तर्षी,” वैभवीचा आवाज आला. “घाई नका करू. वरच्या कोपऱ्यातून सुरू करा आणि हळूहळू उजवीकडे या.”

गिरिधरभाऊंनी मान वर केली. काळोख होता. त्यांनी डोळे मिटले, चोळले, पुन्हा उघडले. काळोखच होता.

“ताई, मले सापडले! साती सापडले!” पुढचं एक पोर ओरडलं.

“मले बी! हा ध्रुव आहे का वं? केवढा एकटा आहे!”

“आता वसिष्ठाच्या अगदी जवळ,” वैभवी म्हणाली. “एक बारीकशी तारका आहे. अरुंधती. नीट लक्ष दिलं तरच कळते.”

गिरिधरभाऊंनी मान आणखी ताणली. एखादा तरी ठिपका दे रे देवा, अरुंधती नाही तर ध्रुव दे, असं त्यांनी मनातल्या मनात विनवलं.

“आहे! चिकटूनच आहे!” पोरांनी एकच गलका केला. कुणी टाळ्या पिटल्या.

गिरिधरभाऊंना रडू आलं. एवढाल्या पोरांना जे मिळालं ते आपल्याला नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं, आणि हेवाही वाटला. ते भिंत चाचपत उठले आणि कार्यक्रम अर्धा टाकून दाराबाहेर आले. व्हरांड्यातली ट्यूबलाइट दिसली. म्हणजे उजेड तेवढा शिल्लक होता. आज तारे गेले, उद्या हाही जाईल.

हर्षा स्कूटीशी उभी होती. त्यांचा चेहरा पाहून तिने पिशवी खाली ठेवली.

“काय झालं बाबा? काहून लवकर आले?”

“दवाखान्यात फोन लाव. नाही म्हणून सांग.”

“बाबा, एकडाव विचार करा ना...”

“साऱ्या पोराइले दिसलं वं. मले एकही तारा नाही दिसला. संपलं आता. लाव फोन.”

तिने हात जोडले, रागावली, शेवटी रडली. मग फोन लावला. पलीकडच्या बाईने बरं म्हटलं आणि त्यांची सोमवारची जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला देऊन टाकली. स्कूटी फाटकाबाहेर पडली.

थोड्या वेळाने तारांगणात दिवे लागले. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून पोरं रांगेने बाहेर आली आणि पांढऱ्या काठ्या टेकत अंध विद्यालयाच्या बसमध्ये चढली. अंकितने त्यांना हात हलवून निरोप दिला आणि मग स्वतःशीच हसला.

“आपणही अंधारात बसू म्हणालो खरं, पण मले तं बोटाने ध्रुव सापडलाच नाही,” तो म्हणाला.

वैभवी उठावाच्या ठिपक्यांचे कागद गोळा करत होती. एक कमी भरला.

“ते आजोबा घेऊन गेले असतील,” ती म्हणाली. “मी त्याइले सांगतच होती. जाऊ दे, पुढच्या शनिवारी यंत्रावरची चादर काढू, तेव्हा त्याइले अरुंधती नीट दाखवू.”