पहिलं अक्षर

"बघ आता, पापणी लवायच्या आत सापडेल," असं म्हणत नवऱ्याने बायकोला शेजारी स्टूल ओढून दिलं आणि कॉम्प्युटर सुरू केला.

सकाळपासून तो त्या मशीनला चिकटून होता. तक्रार तिचीच होती. कुणा एका कंपनीची नसलेली, फुकट मिळणारी आणि जिचं आतलं सगळं कुणालाही वाचता येतं अशी ऑपरेटिंग सिस्टीम त्याने मोठ्या हौसेने घरात आणली होती. पण एक फाइल शोधायची, तर तोवर चहा उकळून, पिऊन, कप विसळून व्हायचा. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. गोगलगाय असेल, पण चहाडखोर नाही. बाकीच्यांची मशीनं घरातलं सगळं कंपन्यांच्या कानात सांगतात, इथून चकार शब्द बाहेर जात नाही.

त्या बोलण्यावर ती विसंबली. फोनवर शोधायचं टाळून तिने इथेच शोधलं: एकटीला राहायला खोली. भांडणतंटा काही नव्हता. बोलणारा तो आणि ऐकणारी ती, एवढंच या घरात उरलं होतं आणि आता तिला ते सोसत नव्हतं. त्याला कसं सांगायचं ते मात्र ठरत नव्हतं. तोवर ताकाला तूर लागू द्यायची नव्हती.

तो रंगात येऊन समजावत होता. मशीन आता दर वेळी सगळा पसारा उपसत बसणार नाही. फाइल असो की इंटरनेट, आजवर कुणी काय शोधलं ते ध्यानात ठेवील आणि पहिलं अक्षर पडताच पुढ्यात आणून ठेवील. नंतर बघू, आधी जेवून घेऊ, असं ती म्हणाली. पण कौतुक करून घेतल्याशिवाय तो थोडाच उठणार होता.

एप्रिलमधले फोटो शोधून काढायचे म्हणून त्याने 'ए' दाबला. लगेच ओळ उमटली: एकटीसाठी खोली, भाड्याने. तिच्याखाली दुसरी: एकटीसाठी खोली, लगेच राहायला.

त्याने दोन्ही वाचल्या. मग पुन्हा वाचल्या.

"इथून काही बाहेर जात नाही म्हणाला होतास," ती म्हणाली.

"नाही गेलं बाहेर."

"गेलं असतं तर परवडलं असतं. कंपनी काही रोज समोर जेवायला बसत नाही."

एरवी अशा वाक्यावर तो अर्धा तास बोलला असता. आज त्याने सेटिंग उघडली आणि मशीनने ध्यानात ठेवलेलं सगळं पुसून टाकलं, सकाळपासूनच्या खटपटीसकट.

"याला आता काही माहीत नाही," तो म्हणाला. मग कॉम्प्युटर बंद करून त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "मला सांग."