झाकणावरचे आकडे

"ताई, माझी बाळं कशी दिसतायत बघा ना," नवी म्हणाली आणि सूक्ष्मदर्शकापुढून बाजूला सरकली.

ताईंनी डोळे लावले. एकेका प्लेटमध्ये, गुलाबी पाण्यात, मटाराच्या दाण्याएवढा मेंदूचा गोळा. गोल, टवटवीत, नाव ठेवायला जागा नाही. तेवढं बघूनच ताईंच्या पोटात दुखायला लागलं.

"बरे आहेत," त्या म्हणाल्या.

सतरा वर्षं त्या या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. नवीला येऊन जेमतेम अकरा महिने झाले होते. तिला पिपेट धरायला ताईंनीच शिकवलं होतं, आणि आता बाईसाहेब त्यांनाच बाळं दाखवत होत्या.

काम नाजूक होतं. आजारी मुलाच्या दंडाची चिमूटभर कातडी घ्यायची, तिच्यातल्या पेशींना पुन्हा पहिल्यापासून वाढायला लावायचं आणि त्यातून मेंदूचा एवढासा गोळा तयार करायचा. आजार घराण्यातून येणारा. सहा-सात वर्षांपर्यंत हसतीखेळती असलेल्या मुलांची आधी नजर मंदावते, मग ती एकेक गोष्ट विसरत जातात, शेवटी चालणंबोलणंसुद्धा. मुलाचा मेंदू उघडून बघता येत नाही, प्लेटमधला बघता येतो. एक ते सहा या आजारी मुलांच्या प्लेटा नवीकडे होत्या. सात ते बारा निरोगी मुलांच्या, तुलनेसाठी. त्या ताईंकडे.

विसाव्या आठवड्यात आजारी गोळे आक्रसले आणि निरोगी तसेच राहिले, की प्रयोग जमला. मग त्यांच्यावर औषधं तपासायला नवा विभाग उघडणार होता, आणि त्याची प्रमुख कोण, हे प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडम तेव्हाच ठरवणार होत्या.

पाहुणे आले की नवीच्या रांगेपुढे ही गर्दी! ताईंच्या रांगेला कोण विचारतंय? धडधाकट माणसाची चौकशी करायला कुणी येतं का कधी? एकदा एका आजारी मुलीची आई आली आणि नवीचे दोन्ही हात धरून रडली. ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्याकडे तिने फक्त टिश्यू पेपर मागितला.

"ताई, तुमच्यामुळे जमतंय हो सगळं," नवी नंतर म्हणाली. ती मनापासून म्हणाली, आणि म्हणूनच ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांच्या रांगेत अभिमानाची गोष्ट एकच, अकरा नंबर. दोन वर्षांपूर्वी निरोगी मुलं मिळेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच्या मुलाला कातडी द्यायला आणून बसवलं होतं. खरं तर आकडा प्लेटच्या अंगावर लिहायचा असा नियम. पण तळाची शाई सूक्ष्मदर्शकात आडवी येते, म्हणून सगळे झाकणावरच लिहीत. मॅडम ओरडून ओरडून थकल्या होत्या. अकराच्या तळाला मात्र, अगदी कडेला, ताईंनी मार्करने एक चांदणी काढली होती. आईचं मन, दुसरं काय.

एका संध्याकाळी घरी जेवताना पोराने पाण्याचा पेला टेबलाच्या बाहेरच ठेवला. खळ्ळकन फुटला.

"डोळे कुठे असतात रे तुझे?" ताई कडाडल्या. "वर्षात दोनदा चष्म्याचा नंबर बदलला! तो मोबाइल आधी बंद करा याचा."

"अगं, असू दे," सासूबाई काचा गोळा करत हसल्या. "धांदरट आहे झालं. धाकट्या काकावर गेलाय."

हा काका लहानपणीच वारला होता. ताईंनी त्याचा फक्त फोटो पाहिला होता. आणि त्यांचं लक्ष तरी कुठे होतं? त्यांच्या डोळ्यांपुढे नवीचे ते सहा गोळे नाचत होते.

अठराव्या आठवड्यात एका शनिवारी नवी रजेवर होती. तिच्या बाळांना खाऊ घालायचं, म्हणजे ते गुलाबी पाणी बदलायचं काम ताईंकडे आलं. दुपारी सगळे जेवायला गेले. ताईंनी चारचं झाकण काढलं, अकराचं काढलं. चारची प्लेट कचऱ्याच्या डब्यात गेली आणि अकराच्या प्लेटवर चारचं झाकण बसलं. नोंदवहीत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : अकरा, बुरशी आली, टाकून दिले.

काम दोन मिनिटांचं होतं. आता पाच गोळे आक्रसतील आणि चौथा ठणठणीत राहील. मग दे म्हणावं मॅडमना उत्तर. माझा एकटा पोरगा पुरून उरेल तिला. त्यांना लाज वाटली नाही असं नाही. वाटली, पण हात धुवेपर्यंतच.

विसाव्या आठवड्याच्या सोमवारी ताई मुद्दाम दहा मिनिटं उशिरा आल्या. आत हसण्याचे, टाळ्यांचे आवाज येत होते. मॅडमनी नवीला जवळ घेतलं होतं.

"ताई!" नवी धावत आली. तिचे डोळे भरले होते. "सहाच्या सहा! एकही चुकला नाही."

"सहा?" ताईंनी विचारलं. "नीट बघितलंस का?"

"तीनदा बघितलं. उलट चार नंबर तर सगळ्यांत जास्त आक्रसलाय."

म्हणजे घाईत आपल्याच हातून घोळ झाला, ताईंना वाटलं. चारची प्लेट चारच्याच झाकणाखाली राहिली आणि डब्यात गेली ती अकराची. सतरा वर्षांच्या हाताने ऐनवेळी दगा दिला आणि जिंकली पुन्हा हीच! त्यांचा नुसता जळफळाट झाला.

"बघू तरी," म्हणत त्यांनी चार नंबरची प्लेट उचलली आणि उजेडाकडे धरली. पाण्यात सुकल्या मुगाएवढं काहीतरी पडलं होतं.

त्यांनी प्लेट आणखी वर उचलली आणि खालून पाहिलं. तळाला, अगदी कडेला, मार्करची चांदणी होती.