दहाचा पाना

आता दहाचा पाना गायब झाला होता. बॅटरीची पट्टी अर्धी सैल करून फिटरकाका हात पुसायला आत गेले, तेवढ्यात. जेमतेम दोन मिनिटं.

त्यांनी बॉनेटखाली पाहिलं, गाडीखाली पाहिलं, खिसे उलटे केले. काखेत कळसा नको, म्हणून काखाही चाचपल्या. पाना नव्हताच.

चौतीस वर्षं बस डेपोत फिटर म्हणून काढलेला माणूस. अंधारात हात घातला तरी हवा तोच पाना हाताला लागायचा. आणि आता घरच्या जुन्या मोटारीपुढे त्यांची भंबेरी उडाली होती. सकाळपासून ही तिसरी वस्तू. आधी प्लगपाना गेला, तो बाथरूममध्ये दात घासायच्या ब्रशांबरोबर उभा सापडला. मग पक्कड गेली, ती चमच्यांच्या खणात होती. आपण ती तिथे ठेवली कधी, हे काकांना काही केल्या आठवेना.

दोन्ही वेळा वस्तू शोधून दिल्या त्या काकूंनीच. सरळ गेल्या आणि घेऊन आल्या. वर पाहुण्यांच्या कपबशीतून चहा आणून दिला. काकांना या मायेचीच धास्ती वाटली. एरवी एवढ्यावर काकूंनी त्यांची चांगली खरडपट्टी काढली असती.

उद्या मुलगी येणार होती. गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला होता, घराची किल्ली फ्रीजमध्ये मिळाली होती. काकू म्हणाल्या, मी नाही. मग उरलं कोण? काकांनी फोनवर मुलीकडे सगळं कबूल केलं.

"बाबा, आता गाडी विकायची आणि दोघांनी माझ्याकडे यायचं," ती म्हणाली होती.

काकांनी एकच संधी मागून घेतली होती. गाडीची सर्व्हिसिंग मी एकट्याने करून दाखवतो. जमली, तर माझं डोकं ठिकाणावर आहे असं समज, आणि आम्हाला आमच्या घरात राहू दे. मुलीने नाइलाजाने हो म्हटलं होतं.

शेवटी काकांनी एक युक्ती केली. चौदाचा पाना पुढच्या चाकाजवळ ठेवला, त्याच्याभोवती खडूने रेघ ओढली आणि स्वतः गाडीखाली सरकले. पाना जागचा हलला नाही, तर मग दोष आपल्याच डोक्याचा.

थोड्या वेळाने काकूंच्या चपला दिसल्या. हात खाली आला. पाना उचलला गेला.

काकांचा जीव भांड्यात पडला. डोकं शाबूत होतं. म्हणजे हा सगळा मायलेकींचा कट होता तर! काकूंनाच लेकीकडे जायचं होतं, आणि तोंडाने सांगवत नव्हतं. त्यांना राग यायला हवा होता, पण हसूच आलं. ते सरपटत बाहेर आले.

"पकडली की नाही चोरी?"

काकू दचकल्या. दोन पावलं मागे सरकल्या. मग पाना मुठीत धरून ओशाळं हसल्या.

"चोरी कसली, भाऊ. पसारा आवरतेय," त्या म्हणाल्या. "आमचे हे डेपोतून यायची वेळ झाली."