मिठाच्या पाण्यातला पाला

बाटलीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि अक्षदाचा चेहराही तसाच.

व्हायला हवं होतं चहासारखं तपकिरी. पेरूच्या पाल्याचा काढा चांदीच्या औषधात ओतायचा, की चांदीचे डोळ्याला न दिसणारे कण तयार होतात. तेच कण पुढं कापडछपाई कारखान्याचं रंगाचं लाल पाणी निवळून टाकतात. अडीच वर्षं पोरगी यावर राबत होती. आज बाहेरचे परीक्षक आले, तेही तासभर आधी. घाईघाईत तिच्या गाईड मधुमती मॅडमनी तिच्या बापानं, बळवंतनं, आणलेला पाला पिशवीतून काढला आणि तसाच उकळला.

बळवंत डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दाराशीच उभा होता. रेल्वेतून रिटायर झालेला गडी. बायको गेली, कलावती, तेव्हा चार महिने भिंतीकडं तोंड करून पडला होता. मग एक दिवस उठला आणि लेकीला म्हणाला, "पाला मी तोडून देत जाईन." तेव्हापासून मुरलीपुऱ्यातल्या घराच्या दारातल्या पेरूचा पाला आणि स्वतः रांधलेला डबा घेऊन रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला, सीतापुऱ्याच्या कॉलेजात यायचा. डबा संध्याकाळी पुसून रिकामा परत यायचा.

"अंकलजी, पत्ते किससे धोए?" मॅडमनी विचारलं.

"नमक के पानी से!" बळवंतनं छाती फुगवली. "आमची मंडळी पालेभाजी तशीच धुवायची. किडा राहत नाही, मॅडमजी."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मीठ लागलं की चांदीचं औषध नासतं.

अक्षदानं फ्रीजमधून आदल्या दिवशीचा काढा काढला. अर्ध्या तासात तपकिरी रंग चढला. लाल पाणी निवळलं. परीक्षकांनी मान डोलावली, चहा घेतला, गेले.

बळवंत जागचा हलला नव्हता. "कालचा पाला पण माझाच की. तो कसा चालला?"

"रोज तुम्ही गेलात की परत धुते मी, अण्णा. इथल्या शुद्ध पाण्यानं, तीन-तीनदा."

"आन् मला सांगायला काय झालं होतं? मीठ नसतं घातलं!"

"मीठ घालताना तुम्ही आईशी बोलता," अक्षदा म्हणाली. "मी ऐकलंय."

बळवंतनं डब्याचं झाकण काढलं. मग डबा तिच्यापुढं सरकवला.

"आन् माझी भाजी? आता खरं सांग."

अक्षदानं मोठा घास तोंडात घातला आणि रोजच्यासारखंच म्हणाली, "फक्कड झालीय, अण्णा."