शुद्ध सूत

"आता येईल बघ. सिंहासनामागं. पापणीसुद्धा हलवू नकोस," नरसय्यानं रेश्माच्या कानात सांगितलं आणि लेकीचं मनगट घट्ट धरलं.

पडद्यावर मिसरची, म्हणजे इजिप्तची, राणी अजून नावेतून उतरत होती. दुपारच्या खेळाला थिएटर भरलं होतं, आणि त्यातल्या दोन रांगा नुसत्या नरसय्याच्या गल्लीनं अडवल्या होत्या. वर्षभर त्यानं दवंडीच तशी पिटली होती. मिसर कुठं आहे असं कोणी विचारलं असतं, तर हैदराबादच्या पुढं कुठंतरी, इतकंच त्याला सांगता आलं असतं. पण राणीच्या महालात त्याच्या हातचं कापड लागलं होतं. त्यामुळं मिसर आता त्याला सासुरवाडीइतकं जवळचं वाटत होतं.

हातमागावर माणसाचा चेहरा विणणारे सोलापुरात आता बोटांवर मोजण्याइतकेच. नरसय्या त्यातला एक. पण नजर अधू झालेली, आणि एकुलती एक रेश्मा युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कामाला. माग मोडीत काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात हैदराबादहून सिनेमाचा माणूस दारात आला. त्याला भिंतीवर लावायला बारा फूट उंचीचं कापड हवं होतं, वर राणीचा चेहरा विणलेला.

"सूत शुद्ध पाहिजे," तो म्हणाला. "पॉलिस्टरचा एक धागासुद्धा चालणार नाही."

त्यानं लडीतला धागा तोडला, काडी ओढली आणि पेटवून पाहिला. मग दुसरा पेटवला. मग तिसरा. सूत पारखायची ही जुनी रीत. पॉलिस्टर असेल तर वितळून त्याचा कडक मणी होतो, खऱ्या सुताची राख होते. नरसय्यानं ती राख बोटांत चोळून त्याच्यापुढं धरली. "बघा साहेब, पिठासारखी."

"छान. फारच छान," तो माणूस म्हणाला.

नरसय्याचा ऊर भरून आला. अलीकडं गिऱ्हाईक विचारायचं ते इतकंच, की मशीनमध्ये धुतलं तर चालेल का. आज कितीतरी वर्षांनी दारात पारखी आला होता.

"असे दोन होतील?" त्यानं जाताना विचारलं.

"एकालाच वर्ष जाईल साहेब."

"मग एकच करा. आम्ही कॅमेरे जास्त लावू. सहा."

एका कापडाला सहा कॅमेरे! नरसय्या दोन दिवस नीट जेवला नव्हता.

रेश्मानं कारखाना सोडला आणि बापाशेजारी मागावर बसली. राणीचा डावा डोळा तिनं विणला. चार वेळा उसवला. पाचव्यांदा तो असा जमला, की नरसय्या चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला. त्याला स्वतःला तरुणपणीही तसा जमला नसता, आणि हे त्यानं लेकीला सांगूनही टाकलं.

"सिनेमा येऊ दे नायना, मग ठरवू," ती बापाला म्हणाली होती. "जगानं आपलं काम बघितलं, तर मी जन्मभर मागावर बसते."

आणि आता ते दिसलं. राणी सिंहासनावर बसली होती आणि तिच्या मागं, तिच्याहून मोठी, नरसय्याची राणी. दोन्ही रांगा उठून उभ्या राहिल्या. शेजारच्या कल्लप्पानं शिट्टी मारली. "हेच का बे, नरसय्या?"

"हेच की!" नरसय्याचा आवाज फाटला. रेश्मा एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

रोमचे शिपाई महालात घुसले. एकानं मशाल फेकली.

आधी खालची किनार पेटली. मग गळा, मग ओठ. समोरून दाखवलं, वरून दाखवलं, डावीकडून, उजवीकडून. सहाही कॅमेऱ्यांनी आपलं काम चोख केलं. शेवटी सबंध पडदाभर एकटा डावा डोळा उरला. बाहुलीत बारीक भोक पडलं, ते वाढत गेलं, आणि पलीकडं उभा असलेला रोमचा सेनापती दिसला. थिएटर टाळ्यांनी दणाणून गेलं.

"काय पेटलंय बे!" कल्लप्पा खाली वाकून म्हणाला. सगळा जन्म यंत्रमागावर काढलेला माणूस, मनापासून वाखाणत होता. "पॉलिस्टर असतं तर नुसतं वितळून गळालं असतं. शुद्ध सुताचा जाळच न्यारा, न्हाय का?"

रेश्मानं हळूच आपलं मनगट सोडवून घेतलं.

"उद्यापासून मी कारखान्यात जाते, नायना."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर नरसय्याला बरं वाटलं असतं. तो पडद्याकडं बघत अंगठा बोटावर चोळत राहिला, जणू अजून तिथं काही लागलेलं होतं. राख त्यानं पुढं धरली होती, अगदी नाकाखाली धरली होती. सिनेमाच्या त्या माणसानं राखेकडं एकदाही पाहिलं नव्हतं. तो जाळ बघत होता.