पहिला मान

"आज पहिला मान तुझा, बेटी," म्हणत पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाचा, द्राक्षरसाने भरलेला चांदीचा मोठा प्याला माझ्या हातात दिला.

उद्या मी तीन वर्षांसाठी आसामच्या चहामळ्यांत मिशनच्या सेवेला निघणार, म्हणून मंडळीला माझं भलतंच कौतुक दाटून आलं होतं. एरवी आम्हा खालच्या आळीवाल्यांचं बाक शेवटचं, आणि सगळ्यांचं पिऊन झाल्यावर प्याल्याच्या तळाशी उरेल तेवढं आमचं. ख्रिस्तात जात नसते, हे मात्र पुढच्या बाकांवरून फार सुरेल गातात.

मी घोट घेऊन प्याला खजिनदारकाकांकडे दिला. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आता माझ्यानंतर आपल्याला प्यावं लागणार, हे कौतुकाच्या भरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. काकांनी रुमालाने कड पुसली, ओठ घट्ट मिटून प्याला नुसता टेकवला आणि भक्तिभावाने पुढे सरकवला. मग पुढच्या सगळ्या बाकांनी तसंच केलं.

शेवटच्या बाकावर आईच्या हातात प्याला आला, तेव्हा तो जवळजवळ भरलेलाच होता.

"आता मंडळीचे आभार मान," पाळकसाहेब म्हणाले.

मी उठले. "मनापासून आभार. आज तुम्ही सगळा आमच्यासाठीच ठेवलात. आई, पिऊन टाक."