आधी करडू

गाम्सची, म्हणजे आल्प्समधल्या रानशेळीची, मादी दोन पावलं चालली आणि समोरच्या दगडावर गुडघा आपटून थांबली. शेळीपेक्षा जरा दांडगी, शिंगं टोकाशी आकड्यासारखी मागे वळलेली. मान वर करून तिने हवेचा वास घेतला.

"दिसत नाही तिला," श्रीपाद म्हणाला.

"असं लगेच नाही सांगता येत हो." सुलेखाने दुर्बिणीवरची नजर हलवली नाही. मादीचा डावा डोळा दुधासारखा पांढरा झाला होता. उजवा पलीकडच्या बाजूला, खडकाकडे होता.

"अगं, एवढा मोठा दगड दिसला नाही तिला!"

एकोणीसशे साठ-एकसष्टच्या त्या ऑक्टोबरात बव्हेरियाच्या डोंगरात गाम्सच्या डोळ्यांची साथ आली होती. काही जनावरं आपोआप बरी होत. काही ठार आंधळी होऊन कड्यावरून पडत, नाहीतर उपाशी मरत. बरी होणारी राखायची, न होणारी गोळी घालून सोडवायची, असं ठरलं होतं. कुठलं जनावर कशातलं, ते सांगायला म्युनिकहून सुलेखाला बोलावलं होतं. मुंबईला गुरांची डॉक्टरकी शिकून ती इथे डॉक्टरेट करत होती. तिचा नवरा श्रीपाद हॅनोव्हरला इंजिनिअरिंगच्या रिसर्चला होता. सुट्टी काढून बायकोचं काम बघायला आला होता, शहरातले बूट घालून.

"आल्झो, फ्राऊ डॉक्टर, मग काय करायचं?" आलोइसने विचारलं. हा त्या डोंगराचा शिकारी. पाठपिशवीवर बंदूक टेकवून तो पालथा पडला होता. "धुकं वर येतंय. आज सोडली तर परवा दरीत सापडेल. तेही हाडं मोडून, कदाचित जिवंतच."

सुलेखा वाट बघत राहिली. मादीने मान फिरवावी, एकदाच फिरवावी. मादी पुन्हा अडखळली. खालून धुक्याचा पहिला पदर कड्याला लागला.

"हो, घाला गोळी," सुलेखा त्याला जर्मनमध्ये म्हणाली. "दोन्ही डोळे गेलेत."

आलोइसने बंदुकीची नळी किंचित डावीकडे सरकवली. तिकडे मादीच्या मागे तिचं यंदाचं करडू उभं होतं.

"अगं, चुकतोय हा," श्रीपाद कुजबुजला. "करडावर नेम धरलाय त्याने."

"चुकत नाहीये. आधी करडू, मग आई. इथला नियम आहे."

"पण ते तर धडधाकट आहे!"

"आईवाचून ते हिवाळा काढणार नाही. बर्फात भुकेने झिजून मरेल. म्हणून त्याला आधी."

श्रीपादने तिच्याकडे बघितलं. "आणि आई बरी होणारी असली तर?"

सुलेखाने दुर्बीण खाली केली.

"थांबा!" ती ओरडली. ओरडली ती मराठीत. आलोइसला कळलं नाही आणि बंदूक उडाली.

करडू उभं होतं तिथेच कोसळलं. त्याच क्षणी मादी गर्रकन वळली आणि तिने वरच्या अंगाच्या घळीवरून उडी घेतली. पलीकडे वीतभर रुंदीचा कंगोरा होता. चारही खूर त्यावर टेकले. तिथून दुसरी उडी, मग तिसरी. एक खडासुद्धा खाली आला नाही. आलोइसने दुसरी गोळी भरली होती, ती त्याने झाडली नाही.

"दिसतंय तिला," श्रीपाद म्हणाला.

सुलेखाने आलोइसला विचारलं.

"पायांना वाट पाठ असते कधीकधी," तो म्हणाला. "आंधळ्या जनावरांनाही अशा उड्या घेताना बघितलंय मी."

"मग ही आंधळी होती का?"

"ते मी तुम्हालाच विचारलं होतं ना." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

मधला उतार चढून तिघंही करडापाशी गेली. श्रीपादचे बूट सारखे घसरत होते. सुलेखाने हात पुढे केला, तो त्याने धरला.

"तू 'थांबा' का म्हणालीस?" त्याने विचारलं.

"काय माहीत! मला शंका आली म्हणून, की तुम्ही विचारलंत म्हणून..."

"मी आपलं सहज विचारलं गं. मला काय कळतंय त्यातलं?"



आलोइसने टोपी काढली. खुरट्या पाइनची एक डहाळी मोडून त्याने ती करडाच्या तोंडात ठेवली.

"हे कशाला?" श्रीपादने विचारलं.

"शेवटचा घास," सुलेखा म्हणाली. "त्यांची पद्धत आहे." मग खाली वाकून तिने बघितलं. करडाच्या ओठांवर पांढरा ओलावा होता. "अजून दूध पीत होतं हो हे."

तोवर धुक्याने सगळं वेढलं होतं. हाताच्या अंतरावरचा आलोइसही पुसट झाला होता. वारा अगदी पडला होता. वर कुठेतरी मादीने करडाला हाक मारली. थांबली. पुन्हा हाक मारली.

मग खुरांचा आवाज आला, आधी वर, मग जरा खाली. तो त्यांच्याच दिशेने उतरत होता. आलोइसने बंदुकीकडे हात नेला आणि तसाच ठेवला. श्रीपाद काहीतरी विचारणार होता, सुलेखाने त्याचा हात घट्ट दाबला.

मादीला आपण दिसू नये म्हणून तिघंही जागच्या जागी स्तब्ध उभी राहिली.